शुक्रवारी जन्मलेले दोन महासचिव

अंतोनियो गुटेरेस यांची संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. पुढचा कोण, ही चर्चा निघाली की जुनी यादीही निघते: ट्रिग्वे ली, दाग हामारशोल्ड, ऊ थांट, कुर्ट वाल्डहाइम, हावियेर पेरेझ द क्वेयार, बुत्रोस बुत्रोस-घाली, कोफी अन्नान, बान की-मून आणि गुटेरेस. १९४६ पासूनचे हे नऊ जण. राजकारण बाजूला ठेवून नुसती नावं वाचली तरी प्रश्न पडतात. ‘ऊ’ हे काय नाव झालं? बुत्रोस दोनदा कशाला? बान की-मून यांना हाक मारायची तर ‘बान’ म्हणायचं की ‘मून’?

जगभर माणसांना नावं कशी पडतात हे समजून घ्यायला याहून सोयीची यादी मला तरी माहीत नाही.

आधी अर्थ नको, प्रश्न शोधा

नाव कानावर पडलं की आपण पटकन विचारतो, ‘याचा अर्थ काय?’ पुष्कळदा तिथेच घोटाळा होतो. नावाला शब्दकोशातला अर्थ असतोच असं नाही, आणि असला तरी खरी गंमत त्यात नसते.

पार्सलवरच्या चिठ्ठीसारखा विचार करून बघा. एखादा त्यावर पाठवणाऱ्याचं नाव लिहितो, एखादा तारीख टाकतो, कुणी गावाचं नाव घालतो, कुणी नुसतंच ‘जपून हाताळा’ असं खरडतो. प्रत्येक चिठ्ठी बरोबरच आहे, फक्त लिहिणाऱ्याला वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटलेली आहे. नवजात बाळाच्या बाबतीतही तसंच. कुणाचं? कधीचं? कुठलं? कितवं? यांपैकी जो प्रश्न त्या समाजाला सगळ्यात आधी सुचतो, त्याचं उत्तर म्हणजे त्या समाजातलं नाव.

कधी जन्मलास?

पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचे अकान लोक मुलाला त्याच्या जन्मवाराचं नाव देतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. मुलींची नावं वेगळी: शुक्रवारची एफुआ किंवा अफुआ, शनिवारची आमा. कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले. जुनं कॅलेंडर काढून बघा, शुक्रवार निघतो. त्यांच्या जुळ्या बहिणीचं नाव अर्थातच एफुआ. दोघांच्या नावात ‘अट्टा’ हा आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ जुळं.

म्हणजे नाव सांगितलं की अर्धा जन्मदाखला वाचून झाला. ही अतिशयोक्ती नाही. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या जन्माची कागदोपत्री नोंद नव्हती. पुढे बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीने अंदाजाने २१ सप्टेंबर १९०९ अशी तारीख लिहून टाकली. तो दिवस मंगळवार. पण मंगळवारी जन्मले असते तर त्यांचं नाव क्वाबेना असतं! ते स्वतः १८ सप्टेंबर धरून चालत, कारण त्या दिवशी शनिवार होता. पाद्रीच्या वहीपेक्षा नावाचा पुरावा भक्कम ठरला.

आता तिथून हजारो किलोमीटर दूर म्यानमारला चला. तिथेही जन्मवाराला मान, पण पद्धत निराळी. बर्मी लिपी आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीतून निघालेली, त्यामुळे तिची वर्णमालाही क, ख, ग, घ अशीच चालते. परंपरेने ही वर्णमाला वारांमध्ये वाटून दिलेली आहे. स्वर रविवारचे, क-वर्ग सोमवारचा, च-वर्ग मंगळवारचा, प-वर्ग गुरुवारचा, त-वर्ग शनिवारचा. बुधवारचे दोन भाग: सकाळचे ल आणि व, दुपारनंतरचे य आणि र. शुक्रवारच्या वाट्याला स आणि ह. ज्या वारी जन्म, त्या वाराच्या अक्षराने नाव सुरू करायचं.

ऊ थांट यांचं नाव बर्मीत ‘स’ने लिहितात. त्या अक्षराचा उच्चार तिथे ‘थ’ होतो. जन्मतारीख २२ जानेवारी १९०९. वार? शुक्रवार. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन रीतींनी जगाला दोन शुक्रवारचे महासचिव दिले, आणि दोघांच्याही नावात तो शुक्रवार अजून तसाच बसलेला आहे. बर्मीत ‘थांट’चा अर्थ स्वच्छ, निर्मळ. पण तो अर्थ दुसऱ्या पायरीवर येतो. आधी अक्षर ठरलं, मग त्या अक्षराचा चांगला शब्द शोधला.

‘ऊ’ हे नाव नव्हेच

थांट यांचं नाव एवढंच: थांट. आडनाव नाही, वडिलांचं नाव नाही. ‘ऊ’ म्हणजे काका. वयाने किंवा मानाने मोठ्या पुरुषाला लावायचा आदरार्थी शब्द. तरुणपणी ‘माउंग’ म्हणजे धाकटा भाऊ, पुढे ‘को’ म्हणजे थोरला भाऊ, मग ‘ऊ’. माणूस तोच, वय वाढेल तसं नावापुढचं नातं बदलत जातं. तेव्हा ‘श्री. ऊ थांट’ लिहिणं म्हणजे ‘श्री. श्री. थांट’ लिहिण्यासारखं.

आडनाव नसलं म्हणजे घराण्याशी नातं तुटतं असंही नाही. म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची यांच्या नावात ‘आँग सान’ वडिलांचं, ‘सू’ आजीचं आणि ‘ची’ आईचं. आडनाव एकही नाही, पण तीन माणसं आत बसलेली आहेत.

खरी पंचाईत होते ती अर्ज भरताना. संगणकावरच्या अर्जात ‘पहिलं नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने असतात, दोन्ही सक्तीचे. एकाच नावाच्या माणसाने काय करायचं? कुणी तेच नाव दोनदा टाकतो, कुणी टिंब देतो. दोन रकाने हा जगाचा नियम नाही, अर्ज तयार करणाऱ्याची सवय आहे. पण सवय जिंकते. इंडोनेशियात एका शब्दाचं नाव सर्रास असायचं. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने नव्या नोंदीसाठी किमान दोन शब्द हवेत असा नियम केला.

कुणाचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त ठिकाणी विचारला जातो. वडिलांच्या नावावरून घडलेल्या नावाला पितृनाम म्हणतात. आइसलँडमध्ये ते आजही जिवंत आहे. १९८० मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दीस फिन्बोगादोत्तिर यांचं दुसरं नाव म्हणजे सरळ ‘फिन्बोगीची मुलगी’. त्यांना भाऊ असेल तर तो ‘फिन्बोगासोन’, म्हणजे सख्ख्या भावंडांची शेवटची नावं वेगळी. हे आडनाव नाही, बापाचा निव्वळ पत्ता आहे. म्हणूनच आइसलँडची टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असायची.

युरोपात इतर बहुतेक ठिकाणी हीच पद्धत कधीतरी गोठली. स्पॅनिशमधला ‘-एझ’ आणि पोर्तुगीजमधला ‘-एस’ म्हणजे मुलगा. पेरो (पेद्रोचं जुनं रूप) याचा मुलगा पेरेझ, गुतेरेचा मुलगा गुटेरेस. पण पुढे पेरेझच्या मुलानेही पेरेझच लावलं, नातवानेही. मूळचा पेरो कोण होता हे कुणाला ठाऊक नाही, त्याची चिठ्ठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पार्सलला चिकटून आहे.

स्पॅनिश रीतीत दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. पेरेझ द क्वेयार यांच्या नावापुढे आईकडचं ‘द ला गेर्रा’ होतं. पोर्तुगीज रीतीत क्रम उलटा. गुटेरेस यांचं पूर्ण नाव अंतोनियो मानुएल द ओलिव्हेरा गुटेरेस, त्यात ओलिव्हेरा आईकडचं. मधलं आडनाव गाळलं तर पोर्तुगीज माणसाची आई गळते, शेवटचं गाळलं तर स्पॅनिश माणसाची. परदेशी कारकुनांनी अशा किती आया गाळल्या असतील देव जाणे.

एका खडकाचा प्रवास

१९९१ च्या अखेरीस पेरेझ गेले आणि १९९२ मध्ये बुत्रोस आले. गंमत अशी, की पेद्रोचा वारस गेला आणि जागेवर खुद्द पेद्रो आला. पेद्रो आणि बुत्रोस हे एकच नाव आहे.

येशूने सायमन नावाच्या कोळ्याला ‘केफा’ असं टोपणनाव दिलं. अरामी भाषेत त्याचा अर्थ खडक. ग्रीकमध्ये लिहिताना त्या नावाचं भाषांतर झालं: पेत्रोस, म्हणजे खडकच. इथपर्यंत अर्थ टिकला. त्यानंतर कुणी भाषांतराच्या फंदात पडलं नाही, नुसता ध्वनी उचलला. लॅटिनमध्ये पेत्रुस, इटालियनमध्ये पिएत्रो, स्पॅनिशमध्ये पेद्रो, रशियनमध्ये प्योत्र, इंग्रजीत पीटर, मराठी बायबलात पेत्र. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे ‘ब’ आला आणि बुत्रोस झालं. फ्रेंच पिएरमध्ये मात्र खडक अजून जसाच्या तसा ऐकू येतो, कारण फ्रेंचमध्ये दगडाला आजही ‘पिएर’च म्हणतात.

नाव सीमा ओलांडतं तेव्हा हे दोनच मार्ग असतात: अर्थ न्यायचा किंवा आवाज न्यायचा. बहुतेक वेळा आवाज जातो आणि अर्थ मागे राहतो. म्हणून ‘पीटर म्हणजे खडक’ हे खरं असलं, तरी कुठल्याही पीटरच्या आईने बाळाकडे बघून ‘अगदी खडकासारखा आहे’ असं म्हटलेलं नसतं. तिने संताचं किंवा बाळाच्या आजोबाचं नाव ठेवलं.

दोनदा बुत्रोस असण्याचं कारणही आजोबाच. बुत्रोस घाली हे इजिप्तचे पंतप्रधान होते, १९१० मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचं अख्खं नाव घराण्याचं आडनाव झालं. नातवाचं नावही बुत्रोसच ठेवलं, म्हणून बुत्रोस बुत्रोस-घाली. ‘घाली’ म्हणजे मौल्यवान, प्रिय.

आडनावं सरकारला हवी होती

आडनाव पूर्वापार चालत आलेलं असतं अशी आपली समजूत. पुष्कळ देशांत ते सरकारी हुकमाने आलं आहे, आणि ते फार जुनंही नाही. कर गोळा करायचा, सैन्यात भरती करायची, तर ‘नदीकाठचा अमुक’ एवढ्याने भागत नाही.

नॉर्वेने प्रत्येक कुटुंबाला कायम आडनाव हवं असा कायदा १९२३ मध्ये केला. तिथे माणूस ज्या शेतवाडीवर राहायचा तिचं नाव लावायचा. ‘ली’ हे तसंच, अर्थ डोंगरउतार. इंग्रजी लिपीत मात्र ते ‘खोटं’ या शब्दासारखं दिसतं. जगाच्या सर्वोच्च मुत्सद्द्याचं आडनाव असं, आणि पहिलं नाव ट्रिग्वे, म्हणजे विश्वासू!

तुर्कस्तानचा कायदा १९३४ चा. मुस्तफा केमाल यांना ‘अतातुर्क’ म्हणजे तुर्कांचा पिता हे आडनाव संसदेने दिलं. त्यांचे सहकारी इस्मत यांनी इनोनू घेतलं, ज्या ठिकाणी ते लढाया जिंकले होते त्या जागेचं नाव.

फिलिपिन्सची कथा सगळ्यांवर कडी करणारी. तिथे बाप्तिस्मा झालेल्या असंख्य लोकांनी ‘द ला क्रूझ’ आणि ‘द लोस सान्तोस’ अशी धार्मिक नावं घेतली होती, त्यामुळे करवसुलीत गोंधळ व्हायचा. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी आडनावांची अकारविल्हे छापील यादीच काढली आणि तिची पानं प्रांतांना, गावांना वाटून दिली. परिणाम असा की काही गावांत बहुतेक आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. अशा आडनावाचा ‘अर्थ’ शोधणाऱ्याला मी एवढंच सांगेन: अर्थ आहे पान क्रमांक.

हामारशोल्ड हे त्याच्या दुसऱ्या टोकाचं. स्वीडनमध्ये राजाने सरदारकी दिली की नवं भारदस्त नाव घ्यायची पद्धत होती. शब्द जोडूनच घडवायचे: हातोडा आणि ढाल. वाल्डहाइमही बनवलेलं. वडिलांचं मूळचं चेक वळणाचं आडनाव बदलून हे शुद्ध जर्मन ‘वनघर’ घेतलं गेलं.

ऐकून अर्थ कळेल का?

बान की-मून यांच्या नावात आडनाव आधी: बान. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम इथे हाच क्रम, आणि युरोपात हंगेरीतही. तेव्हा ‘मून साहेब’ चूक. ‘की’ हा शब्द त्यांच्या भावांच्या नावांतही आहे. कोरियात एका पिढीतल्या भावंडांना एक समान अक्षर देण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे नातलगांना नाव ऐकून माणूस कितव्या पिढीतला हे कळतं.

पण ‘की’ म्हणजे काय, हे नुसतं ऐकून सांगता येत नाही. त्या उच्चाराची चिनी अक्षरं कितीतरी आहेत. बान यांच्या नावातली अक्षरं बघितली तरच कळतं की ‘की’ म्हणजे पाया आणि ‘मून’ म्हणजे लेखन, विद्या. (चंद्राशी संबंध नाही, तो इंग्रजीचा भास.) जपानमध्ये उलटी अडचण: अक्षरं दिसतात, पण आईबाप त्यांचा उच्चार काय करतील याचा नेम नाही. शेवटी मे २०२५ पासून तिथे कुटुंबनोंदीत उच्चारही अधिकृतपणे लिहायला लागले, आणि फार ओढूनताणून केलेल्या उच्चारांना मर्यादा आली.

मग कुणी वाईट नाव का ठेवेल?

मंगोलियात ‘नेरग्वी’ नावाची माणसं असतात. अर्थ: नाव नाही. ‘एनेबिश’ म्हणजे हा नव्हे. ‘खुनबिश’ म्हणजे माणूस नव्हे. चीनच्या खेड्यांत ‘कुत्र्याने टाकलेला’ अशा अर्थाची घरगुती नावं होती. आपले दगडू आणि धोंडू याच कुळातले. आधीची मुलं दगावलेली असत. वाईट शक्तीला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाहीच, म्हणून ही फसवी चिठ्ठी. ‘जपून हाताळा’ असं लिहायचं, पण ते कुणाला वाचता येऊ नये अशा पद्धतीने. शब्दकोशात बघाल तर हेटाळणी दिसेल, घरात बघाल तर धास्तावलेली माया. अर्थ आणि हेतू इतके विरुद्ध दिशेला क्वचितच जातात.

नायजेरियातल्या योरुबांकडे जुळ्यांची नावं ठरलेली: आधी आलेला ताइवो, मागून आलेला केहिंदे. पण थोरला मानतात केहिंदेला. त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जरा जग कसं आहे चाखून ये म्हणून. ‘ताइवो’चा अर्थच जगाची चव घेणारा.

निदान धर्म तरी कळतो ना?

नेहमी नाही. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मुसलमान, नाव सुकर्णो. लहानपणी नाव होतं कुस्नो, पण पोर सारखं आजारी पडे, म्हणून वडिलांनी महाभारतातल्या कर्णावरून नवं नाव ठेवलं. त्यांची मुलगी मेगावती, ‘मेघ’ या शब्दातून. तीही पुढे राष्ट्राध्यक्ष झाली आणि जगाला ठाऊक झाली ती ‘सुकर्णोपुत्री’ म्हणून. जावामध्ये ही संस्कृत नावं धर्माची नव्हेत, तिथल्या संस्कृतीची खूण आहेत.

इंटरनेटवरच्या यादीत तर वेगळाच अर्थ दिलाय

त्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ‘व्हेनेसा’ शोधून बघा, पुष्कळ ठिकाणी ‘फुलपाखरू’ असं मिळेल. हे नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकाने अठराव्या शतकात आपल्या एस्थर व्हानहॉमरी या मैत्रिणीसाठी बनवलं. आडनावातला ‘व्हान’ घेतला आणि एस्थरचं लाडकं रूप ‘एसा’ त्याला जोडलं. पुढे १८०७ मध्ये कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी फुलपाखरांच्या एका प्रजातीगटाला ते नाव दिलं. फुलपाखराला नावामुळे नाव मिळालं, आणि याद्यांनी गाडी उलटी फिरवली. एखाद्या नावाचा अर्थ फारच गोड असेल, ‘देवाची भेट’ किंवा ‘पहाटेचा किरण’ छापाचा, आणि कुठल्या भाषेतला कुठला शब्द हे सांगितलेलं नसेल, तर तिथे थोडं थांबावं.

नावाचा माणसावर परिणाम होतो का?

अर्थाचा होतो असं मानायला आधार नाही. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ मध्ये डार्टमथ गावाचं उदाहरण दिलं होतं. डार्ट नदीच्या मुखावरचं, म्हणून डार्टमथ. उद्या वाळू साचून नदीचं मुख दुसरीकडे सरकलं, तर गावाचं नाव खोटं ठरतं का? लोक तेच म्हणत राहतील. नाव बोट दाखवतं, वर्णन करत नाही.

परिणाम होतो तो ओळखीचा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मारियान बर्ट्रांड आणि सेंदिल मुलैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले. पात्रता सारख्याच, फक्त काही अर्जांवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी नावं आणि काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांची वाटणारी. पहिल्या गटाला सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. जमाल म्हणजे अरबीत सौंदर्य. एमिलीचं मूळ लॅटिनमधल्या ‘प्रतिस्पर्धी’ अशा शब्दाशी जोडलं जातं. अर्थ बघून कुणी बोलावलं नाही. चिठ्ठीवर काय लिहिलंय हे न वाचता, चिठ्ठी कुणाकडची आहे एवढंच बघितलं.

स्वतःच निवडायचं झालं तर

मंगोलियात १९२० च्या दशकात कम्युनिस्ट सत्तेने कुळनावं बंद केली. दोन-तीन पिढ्या नुसत्या बापाच्या नावावर निघाल्या. १९९० च्या दशकात सरकार म्हणालं, पुन्हा कुळनाव लावा. पण बहुतेकांना आपलं कुळनाव आठवतच नव्हतं! मग ढिगाने लोकांनी बोर्जिगिन निवडलं, चंगीझ खानाचं. फुकटात मिळतंय तर सम्राटाचं का नको?

गुर्राग्चा नावाच्या गृहस्थांनी तसं केलं नाही. ते १९८१ मध्ये सोव्हिएत यानातून अंतराळात गेलेले मंगोलियाचे पहिले अंतराळवीर. त्यांनी ‘सान्सार’ हे नाव घेतलं. मंगोल भाषेत त्याचा अर्थ अंतराळ. बौद्ध धर्माबरोबर हा शब्द भारतातून तिकडे गेला. जन्ममरणाचा फेरा, मग विश्व, मग अंतराळ असा त्याचा अर्थ फुगत गेला. आपल्याकडे तोच शब्द आक्रसत घरात येऊन बसला: संसार.